वाफेवर फुलणारा निकुमान

जुन्या जपानी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती. मातीची चूल असे, तिच्यावर जड लाकडी झाकणाचं भाताचं भांडं असे, आणि चिकट तांदळासारखं काही शिजवायचं तर उकळत्या पाण्यावर जाळीच्या तळाचं भांडं ठेवून वाफ काढत. पाव भाजायची सोयच नसलेल्या घरात पिठाचा गोळा फुलवायला वाफेचाच आधार होता. त्याच वाफेवर निकुमान जपानमध्ये रुजला. तळहात भरेल एवढा, पांढराशुभ्र, माथ्यावर चुण्या, आत डुकराच्या मांसाचं गरम आणि रसरशीत सारण. आज तिथल्या हिवाळ्याचा इतका ओळखीचा खाऊ दुसरा क्वचितच असेल. 25 जानेवारी हा दिवस तिथे अशा वाफेवरच्या बन्सचा दिवस म्हणून पाळतात, कारण 1902 साली याच तारखेला होक्काइदो बेटावरच्या आसाहिकावा गावात उणे 41 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जपानमधला थंडीचा तो विक्रम आहे.

हा पदार्थ पहिल्यांदा घरी करताना बहुतेकांना मैदा फुगेल की नाही याची धाकधूक असते. मैदा फुगतो. यीस्ट जिवंत असेल आणि हवा उबदार असेल तर त्यासाठी फारसं कौशल्य लागत नाही. निकुमान बिघडतो तो पाण्यामुळे. पिठात किती पाणी पडलं, सारणातून किती सुटलं आणि झाकणावरून किती ठिबकलं, हे तिन्ही ज्याला सांभाळता आलं त्याला निकुमान आला असं मी मानतो. पुढची सगळी कृती त्या तीन पाण्यांभोवतीच फिरते. पण त्याआधी या सारणाचा प्रवास सांगायला हवा, कारण मांस भरलेला हा बन जपानमध्ये पोचला तेव्हा त्यातलं मांसच वाटेत गळालं होतं.

मूळ पदार्थ चीनचा. जपानी परंपरा सांगते की 1349 साली लिन जिंगयिन नावाचा चिनी गृहस्थ एका झेन भिक्षूबरोबर जपानला आला आणि नारा शहरात राहिला. मठात मांस वर्ज्य, म्हणून त्याने वाफेवरच्या पिठाच्या गोळ्यात अझुकी या बारीक लाल कडधान्याचं सारण भरलं. हा झाला जपानचा मांजू. नारातल्या कांगो देवस्थानाच्या आवारात लिनच्या नावाचं एक लहान देऊळ आहे, आणि दर 19 एप्रिलला मिठाई करणारे तिथे मांजू अर्पण करतात. मांसाविषयीचा संकोच त्याहून जुना होता. सम्राट तेन्मूने 675 साली गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. डुक्कर त्या यादीत नव्हतं, तरी बौद्ध संस्कारामुळे मांसाहाराकडे पाहण्याची नजर शतकानुशतकं कडकच राहिली. 1872 साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्लं आणि ते लोकांना कळू दिलं, तेव्हा ती नजर उघडपणे बदलू लागली.

सारणात मांस परत आलं ते बंदरांच्या वाटेने. योकोहामा 1859 साली आणि कोबे 1868 साली परदेशी व्यापाराला खुलं झालं. व्यापाऱ्यांबरोबर चिनी कामगार, शिंपी, आचारी आले आणि त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. कोबेच्या नानकिनमाची या चिनी वस्तीत 1915 साली रोशोकी नावाचं दुकान निघालं. तियानजिनच्या पद्धतीचे मांस भरलेले बाओझ जपानी गिऱ्हाइकाला रुचतील असे करून ते तिथे 'बुतामान' या नावाने विकू लागले. हे दुकान अजून चालू आहे. कोबे-ओसाकाकडे नुसतं 'निकू', म्हणजे मांस, म्हटलं की गोमांस समजतात, त्यामुळे डुकराच्या मांसाच्या या बनला त्या भागात आजही बुतामानच म्हणतात. तोक्योत तोच निकुमान.

तोक्योची कथा भारतीय वाचकाला जास्त जवळची वाटेल. सोमा आइझो आणि सोमा कोक्को या दांपत्याने 1901 साली तोक्यो विद्यापीठासमोरची नाकामुराया नावाची बेकरी विकत घेतली आणि पुढे ती शिंजुकूला नेली. 1915 साली, म्हणजे कोबेत रोशोकी सुरू झालं त्याच वर्षी, इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन जपानला पोचलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस या बेकरीत लपून राहिले. जपान सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता आणि सोमा कुटुंबाने मोठा धोका पत्करून त्यांना आसरा दिला. 1918 साली बोस यांचं लग्न सोमांच्या मुलीशी, तोशिकोशी झालं. 1927 साली नाकामुरायाने बोस यांच्या शिकवणीतून आलेली भारतीय पद्धतीची करी विकायला काढली, आणि त्याच वर्षी मांस भरलेला चिनी मांजूही. चिनी बाओझ सोमा दांपत्याला तेलकट वाटला होता. म्हणून त्यांनी सारण हलकं केलं आणि वरचं आवरण जास्त मऊ. तोक्योकडचा निकुमान घरोघरी पोचवण्यात या दुकानाचा वाटा फार मोठा आहे. एकाच छपराखाली, एकाच वर्षी, एक भारतीय आणि एक चिनी पदार्थ जपानी झाला, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाकाच्या नांबा भागातल्या होराई या उपाहारगृहाने बुतामान विकायला सुरुवात केली. आज '551 होराई' हे नाव ओसाकाच्या ओळखीचा भाग झालं आहे. त्यांची एक शिस्त घरी करणाऱ्यानेही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीठ ओसाकाच्या कारखान्यात मळतात आणि दुकानांत पाठवतात. वाटेतही ते फुगत असतं, म्हणून कारखान्यापासून 150 मिनिटांच्या आत पोचता येईल तेवढ्याच टापूत त्यांची दुकानं आहेत. बुतामान दुकानातच, गिऱ्हाइकासमोर वळतात. यीस्ट घातलेलं पीठ कुणासाठी थांबत नाही.

आता आपल्या ओट्याकडे वळू.

जपानमध्ये मैद्याचे प्रकार त्यातल्या प्रथिनांवरून ठरतात. केकसाठीच्या मैद्यात साधारण 8 टक्के प्रथिनं असतात, पावासाठीच्या मैद्यात 12 टक्क्यांच्या आसपास. निकुमानसाठी काहीजण नुसता पहिला वापरतात, काही दोन्ही मिसळतात. पहिल्याने आवरण भुसभुशीत होतं, दुसऱ्याने ओढ येते. आपल्याकडचा नेहमीचा मैदा या दोहोंच्या मधला, त्यामुळे मिसळण्याची गरज नाही. आठ निकुमानसाठी 300 ग्रॅम मैदा घ्या. त्यात 30 ग्रॅम साखर, 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 4 ग्रॅम बेकिंग पावडर आणि 2 ग्रॅम मीठ मिसळा. मग 160 मिलिलिटर कोमट पाणी हळूहळू घालत गोळा करा आणि शेवटी 12 ग्रॅम डुकराची चरबी किंवा वास नसलेलं तेल मळून घ्या. हे सगळं वाटी-चमच्याऐवजी काट्यावर मोजावं. विशेषतः पाणी.

पावाच्या पिठाची सवय असलेल्याला हे पीठ घट्ट वाटेल, आणि आणखी दोन चमचे पाणी घालायचा मोह होईल. तो टाळा. भट्टीत पावातलं पाणी उडून जातं, म्हणून पाव सैल पिठाचा करतात. वाफेवर उलट घडतं. वाफ थंड पिठावर येऊन पाणी बनते आणि ते पाणी आवरणात मुरतं. पीठ आधीच सैल असेल तर बन वर फुगण्याऐवजी बाजूला पसरतो आणि खाताना टाळूला चिकटतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरून ठेवतो, तेव्हा पाच-दहा मिलिलिटर पाणी हातचं राखून मळायला घ्यावं.

दहा मिनिटं चांगलं मळा. पिठाचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला, बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून आला, की मळणं पुरे. झाकून ठेवा. तीस अंशाच्या घरात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत दीड तासही लागेल. यीस्ट असताना बेकिंग पावडर कशाला, असं वाटू शकतं. यीस्ट साठ अंशांच्या आतबाहेर मरतं आणि त्याचं काम तिथे संपतं. बेकिंग पावडर गरम झाल्यावर वायू सोडते, त्यामुळे वाफेवर ठेवल्यावर पीठ घट्ट बसण्याआधी त्याला शेवटचा धक्का मिळतो. फक्त ती मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्या. न विरघळलेला कण राहिला तर तिथे पिवळा ठिपका उमटतो, कारण मैद्यातले काही घटक अल्कलीच्या सहवासात पिवळे पडतात.

सारणासाठी 220 ग्रॅम डुकराचा खिमा घ्या, फार कोरडा नको, चरबी निदान पाचवा हिस्सा हवी. मुंबई-गोव्याकडे कोल्ड स्टोरेजमध्ये सांगितलं तर खांद्याच्या मांसाचा खिमा करून मिळतो. डुकराचं मांस चालत नसेल तर कोंबडीच्या मांडीचा खिमा घ्या आणि त्यात दोन चमचे तेल घाला. छातीच्या मांसाचा वापरू नका, त्याचा बनच्या आत कोरडा चेंडू होतो. जोडीला एक मध्यम कांदा, पाण्यात भिजवलेले तीन वाळलेले शिताके मशरूम आणि मिळाले तर डब्यातले बांबूचे कोंब. ताजे कोंब कच्चे कधीच वापरू नयेत. त्यातली विषारी द्रव्यं उकळून काढावी लागतात. ओसाकाच्या बुतामानात मुख्य भर डुकराचं मांस आणि कांदा एवढीच असते आणि कांदा जरा जाडसर चिरतात. शिताके आणि कोंब ही तोक्योकडची रीत. मला शिताके हवेतच, आणि त्याला कारण आहे.

तोक्योचे रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून 'उमामी' ही चव ओळखली. 1913 साली कोदामा शिंतारो यांना वाळवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. 1957 साली कुनिनाका आकिरा यांनी शिताकेतल्या ग्वानिलेटचं महत्त्व दाखवलं आणि ही द्रव्यं एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते हे सिद्ध केलं. निकुमानच्या सारणात तिन्ही हजर असतात: सोया सॉसमधलं ग्लुटामेट, मांसातलं इनोसिनेट, शिताकेतलं ग्वानिलेट. म्हणून मसाल्यांशिवायही हे सारण भरदार लागतं. शिताके घाईने गरम पाण्यात भिजवू नका. रात्रभर फ्रिजमध्ये, गार पाण्यात भिजू द्या, आणि ते पाणी फेकू नका.

सारण कालवण्याचा क्रम मोडू नये. आधी थंडगार खिम्यात अर्धा चमचा मीठ घालून एकाच दिशेने जोरात फेटा. मिठाने मांसातली मायोसिन ही प्रथिनं सुटतात, खिमा चिकट आणि फिकट दिसू लागतो. हीच चिकटाई पुढे पाणी धरून ठेवते. मग एक मोठा चमचा सोया सॉस, एक लहान चमचा ऑइस्टर सॉस, एक लहान चमचा साखर, किसलेलं आलं, मिरपूड, एक लहान चमचा तिळाचं तेल. तेल भाजलेल्या तिळाचं, गडद रंगाचं हवं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. त्यानंतर शिताकेचं पाणी, तीन मोठे चमचे, एकेक करून. प्रत्येक चमचा खिम्याने पूर्ण पिऊन टाकल्यावरच पुढचा. हेच पाणी पुढे बन फोडल्यावर रस म्हणून ओठांवर येतं. मग चिरलेले शिताके आणि कोंब. कांदा अगदी शेवटी. चिरलेल्या कांद्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉर चोळून घ्या आणि मग खिम्यात हलक्या हाताने मिसळा. मिठाचा स्पर्श झाला की कांदा पाणी सोडतो. कॉर्नफ्लॉरचा थर ते अडवतो आणि शिजताना घट्ट करतो. असं केलं नाही तर सुटलेलं पाणी तळाच्या पिठात उतरतं आणि खालची बाजू गिळगिळीत, कच्च्यासारखी राहते. सारण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट झालं की भरायला सोपं जातं.

फुगलेलं पीठ दाबून हवा काढा आणि आठ गोळे करा, साधारण 63 ग्रॅमचा एकेक. ओल्या फडक्याखाली दहा मिनिटं विसावू द्या, नाहीतर लाटताना ते आखडतात. पारी दहा-अकरा सेंटिमीटर व्यासाची लाटा, कडा पातळ आणि मध्य जाड. चुण्या माथ्यावर एकवटतात, तिथे आधीच पिठाचे बरेच थर येतात. तळाला मात्र सारणाचं वजन आणि रस दोन्ही पेलायचं असतं. मध्यावर 45 ते 50 ग्रॅम सारण ठेवा. ज्या घरात उकडीचे मोदक होतात तिथल्या बोटांना पुढचं काम अर्धं येतच असतं, फरक एवढाच की मोदकाच्या कळ्या पारी उभी करून पाडतात आणि इथे डाव्या अंगठ्याने सारण आत दाबत, पारी फिरवत, उजव्या चिमटीने एकावर एक चुणी चढवत न्यायची. मैद्याला ताण असतो, तो उकडीसारखा तुटत नाही. कडांना तेल किंवा रस लागू देऊ नका, नाहीतर त्या मिटणार नाहीत. शेवटी तोंड पिळून बंद करा आणि प्रत्येक बनखाली बटर पेपरचा चौकोन ठेवा.

आता पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं उबदार जागी. उचलल्यावर बन हलका लागला आणि बोट लावल्यावर खळगा हळूच भरून आला की तो तयार. यापेक्षा जास्त थांबलात तर आतली जाळी ताणून कमजोर होते आणि शिजल्यावर बन बसतो. यीस्टच्या पिठात थोडं कमी फुगणं परवडतं, जास्त फुगणं नाही.

जपानी घरात सेइरो नावाची बांबूची चाळण वापरतात. तिचं विणलेलं झाकण वाफेचं पाणी शोषून घेतं आणि जास्तीची वाफ बाहेर सोडतं. आपल्याकडे मोदकपात्र किंवा इडलीचं मोठं भांडं चालेल, पण धातूच्या झाकणावर वाफ थेंब होऊन बनवर ठिबकते, आणि जिथे थेंब पडतो तिथे आवरण चिकट, खरबरीत आणि पिवळट होतं. म्हणून झाकणाला जाड सुती फडकं घट्ट बांधा. बन्समध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. पाणी खळखळून उकळायला लागल्यावरच पात्र वर चढवा.

एक ग्रॅम वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी एका अंशाने थंड होताना फक्त एक कॅलरी देतं. ही सगळी उष्णता पिठाच्या पृष्ठभागावर मोकळी होते, म्हणून वाफेचं काम इतक्या झपाट्याने होतं. पृष्ठभाग ओला राहत असल्याने आवरण कडक होत नाही आणि आतला वायू त्याला पुरेपूर ताणू शकतो. तापमान मात्र शंभर अंशांच्या वर जात नाही. पावाचं खरपूस तांबूस कवच ज्या रासायनिक क्रियेतून येतं, तिला वेग यायला साधारण 140 अंश लागतात. निकुमान पांढरा राहतो तो त्यामुळे.

मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं. मधे झाकण उघडू नका. घरात स्वयंपाकाचा तापमापक असेल तर पहिल्या खेपेला एक बन फोडून सारणाच्या मध्याशी टोचून बघा. जपानी अन्नसुरक्षेच्या सूचनेनुसार मांसाचा मध्य 75 अंशांवर निदान एक मिनिट असायला हवा. आच बंद केल्यावर झाकण एकदम काढू नका. बोटभर फट ठेवून दोन-तीन मिनिटं थांबा. थंड हवा अचानक आत शिरली तर बनमधली वाफ आकसते आणि गुळगुळीत आवरणावर सुरकुत्या पडतात.

उरलेले निकुमान शिजवून, निववून फ्रीजरमध्ये ठेवावेत, कच्चे ठेवू नयेत. गोठल्यावर यीस्ट दुबळं होतं आणि सारणाचा रस पिठात शिरतो. खायच्या वेळी गोठलेलाच बन पुन्हा वाफेवर बारा-पंधरा मिनिटं ठेवला की तो ताज्याइतका मऊ होतो. मायक्रोवेव्ह घाईला ठीक, पण आधी बन पाण्याखाली ओला करून झाकून ठेवायला हवा. तरीही तो लगेच खावा लागतो, निवला की चामड्यासारखा चिवट होतो.

बरोबर काय घ्यायचं यावर जपानमध्ये एकमत नाही. तोक्योकडे बहुतेक लोक तो नुसताच खातात. क्युशू बेटावर व्हिनेगर आणि सोया सॉस लागतं. ओसाकाकडे मोहरी, आणि मला तीच पटते, कारण कांद्याची गोडी आणि डुकराची चरबी यांना ती नेमकी कापते. काराशी ही जपानची मोहरी ज्या रोपापासून होते ते आपल्या राईचंच. राईची बारीक पूड कोमट पाण्यात घट्ट कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी उकळतं घेऊ नका, त्याने झणझणीतपणा तयार करणारं विकर मरतं आणि हाती नुसता कडूपणा येतो.